जुन्या जीपची आडवी बाकडी : घेण्याआधी काय बघायचं, घेतल्यावर कोणाला बसवायचं

जुनी थार, जिप्सी किंवा गुरखा घ्यायची म्हणून फोन करणारा माणूस इंजिनाचं विचारतो, फोर-बाय-फोर लागतं का विचारतो, खालचा पत्रा सडलाय का तेही विचारतो. मागच्या बाकड्यांचं कोणी विचारत नाही. मग गाडी घरी येते, तिची पूजा होते, आणि पहिल्याच रविवारी त्या बाकड्यांवर बायको, दोन मुलं, मेहुणा आणि मेहुण्याचा मित्र असे पाचजण चढतात. गाडी निघते ठोसेघरला.

मीही असाच निघालो होतो, म्हणून हा लेख. पहिल्यांदाच असली गाडी घेणाऱ्यांसाठी आहे. जुन्या खेळाडूंना यातलं बरंचसं ठाऊक असेल, फक्त ते पाळत नाहीत.

आधी गाडीचं मागचं दार उघडा

आडवी सीट म्हणजे चाकांच्या कमानींवर दोन्ही बाजूंना बसवलेलं बाकडं. बसणाऱ्याची पाठ खिडकीला, गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना. आपल्याकडे ही बैठक कोणाला नवी नाही. वडापमध्ये, म्हणजे माणसं भरून धावणाऱ्या जीपमध्ये, बसून जो कॉलेजला गेलाय त्याला हिची सगळी दुखणी पाठ असतात. २०१० साली आलेल्या पहिल्या थारमध्ये हीच बैठक होती, मारुती जिप्सीत हीच, जुन्या तीन-दारी गुरखातही हीच. बोलेरोच्या तिसऱ्या रांगेत आजही आमनेसामने जम्प सीट मिळतात. म्हणजे हे प्रकरण संग्रहालयातलं नाही, आजच्या शोरूममधलंही आहे.

दार उघडल्यावर चार गोष्टी बघा. बाकड्याच्या पाठीमागे काय आहे, पत्रा, काच की नुसतं कापडी हुड? कापडी हुडाला टेकून बसलेला माणूस गाडी कलंडली की बाहेर जातो, कापड त्याला अडवत नाही. डोक्याला आधार आहे का? बहुतेक वेळा नसतो, डोक्यामागे थेट काच किंवा हुडाचा लोखंडी पाइप असतो. पट्टे आहेत का, असले तर नुसते कमरेचे आहेत का? आणि चौथी गोष्ट, जी मी स्वतः कधीच तपासली नव्हती: मागचं दार आतून उघडतं का? दोन दारांच्या गाडीत मागच्यांना बाहेर पडायला तेवढी एकच वाट असते. आतून कडी नसेल तर गाडी आडवी झाल्यावर ते बाहेरच्या कोणाची तरी वाट बघत बसणार.

आरसी काढा आणि आकडा वाचा

गाडी बघून मन भरलं की कागद बघा. आरसीवर आसनक्षमता लिहिलेली असते आणि त्या आकड्यात ड्रायव्हर धरलेला असतो. एमपरिवहन अ‍ॅपवरही तो दिसतो. आता गाडीत जाऊन सीट मोजा. आकडा जुळला, बाकडी कंपनीने दिलेलीच आहेत, तर गाडी कायदेशीर आहे. भारतात आडव्या सीटवर सरसकट बंदी नाही. ज्या गाडीला ती मूळ रचनेतच मंजूर झाली आहे ती गाडी रस्त्यावर चालवता येते आणि त्या सीटवर माणूस बसवता येतो.

आकडा जुळला नाही तर मात्र सावध. दोन प्रकार हमखास आढळतात. एक, आरसीवर चार आणि मागे कोणीतरी वेल्डिंग करून बाकडी ठोकलेली. दुसरा उलटा: आरसीवर सहा-सात आणि मागे ‘मॉडिफाय’ करून पुढे तोंड असलेली दोन चकचकीत सीट बसवलेली. दुसरा प्रकार सुरक्षिततेच्या दिशेने गेलेला वाटतो, कागदावर मात्र तोही बदलच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यात मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

‘अहो, कोण पकडतंय?’ हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडून येणारच. रस्त्यावर कदाचित कोणी पकडणार नाही. पण खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१०-११ च्या थारची ती मुदत २०२५-२६ मध्ये भरते आहे. नूतनीकरणाला गाडी प्रत्यक्ष आरटीओत उभी करावी लागते आणि निरीक्षक मागचं दार उघडतो. बाजारात अचानक स्वस्तात दिसू लागलेल्या काही गाड्यांमागचं हे एक कारण आहे, असा माझा संशय आहे.

विम्याचं थोडक्यात. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर खासगी गाडीत मागे बसलेल्या पाहुण्यांना तिच्यातून संरक्षण मिळत नाही. पॅकेज (कॉम्प्रिहेन्सिव्ह) पॉलिसी घ्या. वर प्रवाशांसाठी विनानाव अपघात संरक्षण घ्यायचं असेल तर त्याचा हप्ता आसनसंख्येवर मोजतात, तेव्हा तो आकडा खरा असू द्या.

नारळाची परीक्षा

नव्या गाडीपुढे फोडायला आपण नारळ आणतोच. एक जास्तीचा आणा.

मोकळं मैदान शोधा, मागे कोणालाही बसवू नका. नारळ बाकड्यावर मधोमध ठेवा. गाडी ताशी २० किलोमीटरवर न्या आणि ब्रेक दाबा, कच्चकन. नारळ बाकड्यावरून सरळ पुढे येतो आणि तुमच्या सीटच्या पाठीवर किंवा मधल्या रोल बारच्या (गाडी उलटली तर टप दबू नये म्हणून बसवलेल्या लोखंडी कमानीच्या) पाइपावर आपटतो. तो आवाज एकदा ऐकून ठेवा. त्या नारळाच्या जागी तुमच्या मेहुण्याचं डोकं आहे, आणि वेग २० चा आहे.

पुढे तोंड करून बसलेल्या माणसाला ब्रेक लागला की पट्टा छातीवर आणि कमरेवर, म्हणजे शरीराच्या दणकट हाडांवर, धरतो. मागून कोणी ठोकलं तर सीटची पाठ आणि हेडरेस्ट झेलतात. सगळी रचना या दोन दिशांसाठी केलेली असते. आडवा बसलेल्या माणसासाठी गाडीचं ‘पुढे’ म्हणजे त्याचा खांदा. समोरून धडक बसली की तो कडेवर फेकला जातो. कमरेचा पट्टा असला तर कंबर जागच्या जागी राहते आणि वरचं धड बाजूला मोडल्यासारखं वाकतं. मानेला पुढे-मागे झुकायची थोडी सवय असते, बाजूच्या झटक्याला ती फार कच्ची. खांद्यावरून जाणारा पट्टा लावला तर तो धडाला धरण्याऐवजी गळ्यात रुतू शकतो. म्हणून ‘आडव्या सीटला तीन-पॉइंट बेल्ट (कमरेचा आणि खांद्याचा एकत्र) लावून घेतो, झालं सुरक्षित’ हे गणित चुकतं. कमरेचा पट्टा गाडीबाहेर फेकलं जाण्यापासून वाचवतो, गाडी उलटली तर तो फार मोलाचा आहे. पण त्याचं काम तेवढंच.

वेगाचा हिशेबही करून बघा. ताशी ४० किलोमीटरला अंगात जेवढा जोर असतो तेवढा साधारण सव्वासहा मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, पडल्यावर असतो. ६० ला तो १४ मीटरवर जातो. बाकड्यावर तिघं बसलेले असतील तर सगळ्यात पुढचा आधी लोखंडावर जातो आणि मागचे दोघे त्याच्यावर. वडापमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा म्हाताऱ्या माणसांना आवडायची, धरायला दांडा असतो म्हणून. जोरात धडक बसली तर डोकं आधी त्याच दांड्यावर जातं.

माझ्यापुरतं सांगायचं तर घाटात एका वळणावर म्हैस आडवी आली. वेग ३० च्या आतला असेल. म्हैस वाचली, गाडीला ओरखडा नाही. मागे बसलेला माझा भाचा बाकड्यावरून घसरून पुढच्या सीटच्या लोखंडी कडेवर गालफडाने आपटला, दोन टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, ‘बेल्ट नव्हता?’ मी म्हणालो, त्या सीटला बेल्टच नाही. ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यावर थांबलं म्हणून हे लिहू शकतोय.

पट्ट्याबद्दल कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १३८(३) पट्टा कोणी लावायचा ते सांगतो: ड्रायव्हर, पुढच्या सीटवरचा माणूस आणि ‘पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवर’ बसलेले. आडव्या सीटवर बसणारा या शब्दांत येत नाही. गाडी बनवणाऱ्यांना मागच्या सीटला पट्टे द्यायला सांगणाऱ्या नियमाची भाषाही ‘पुढे तोंड असलेली मागची सीट’ अशीच होती, म्हणून इतक्या गाड्यांत त्या बाकड्यांना पट्टे दिसत नाहीत.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री बसले होते त्या गाडीचा अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांचा जीव गेला, दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते. त्यानंतर महाराष्ट्रात मागच्या पट्ट्यांची बरीच चर्चा झाली, पण ती सगळी पुढे तोंड असलेल्या सीटची. आमच्या बाकड्यांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

मुलांच्या बाबतीत कलम १९४ब जास्त स्पष्ट बोलतं. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड, आणि ती जबाबदारी चालवणाऱ्याची. ज्या बाकड्याला पट्टाच नाही तिथे मुलाला बांधणार कशाने?

युरोपीय संघाने हा प्रश्न २००७ साली मिटवला. त्या वर्षीच्या २० ऑक्टोबरपासून नव्या मोटारींत आडव्या सीट बंद झाल्या. रुग्णवाहिका, लष्करी गाड्या असे अपवाद ठेवले. लँड रोव्हर डिफेंडरची मागची बाकडी त्याच वर्षी गेली आणि पुढे तोंड असलेल्या सीट आल्या. जुन्या डिफेंडर रस्त्यावरून हटवल्या नाहीत, त्या अजून फिरतात. इंग्लंडात राहणारे आणि जुन्या डिफेंडरच्या प्रेमात पडलेले मराठी लोक मला माहीत आहेत. त्यांच्यासाठी एवढंच, की तिथे आडव्या सीटवर चाइल्ड सीट बसवायला मनाई आहे.

आपल्याकडे बदल बाजारातून आला. नवी थार २ ऑक्टोबर २०२० ला ९.८० लाखांपासून विक्रीला आली, तेव्हा खालच्या मॉडेलांत सहाजणांची आडवी बैठक होती. नोव्हेंबरमध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने तिला चार तारे दिले. चाचणीतली गाडी पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटची होती. आडव्या बैठकीची मॉडेलं थोड्याच काळात यादीतून गेली. तेव्हा २०२० ची सहा सीटवाली थार दाखवून ‘फोर स्टार आहे साहेब’ असं कोणी म्हणालं, तर ते तारे त्या बाकड्यांवर बसलेल्यांसाठी नाहीत, हे लक्षात असू द्या.

कोणाला बसवायचं, कोणाला नाही

इथे कायदा बाजूला ठेवून माझे घरचे नियम सांगतो. पटले तर घ्या.

१४ वर्षांखालचं मूल आडव्या बाकड्यावर बसत नाही, रस्ता कितीही छोटा असो. मांडीवर घेऊन तर नाहीच. मांडीवरचं मूल धडकेत हातात राहत नाही, हाताला तेवढी ताकद नसते. गरोदर बाई, मणक्याचं ऑपरेशन झालेला माणूस, सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा यांची जागा पुढच्या सीटवर. ती एकच आहे, हे मान्य. म्हणून चार-पाचजणांचं कुटुंब असेल आणि गाडी एकच घ्यायची असेल तर आडव्या बाकड्यांची गाडी घेऊ नका. माझं हे मत दुकानदारांना आवडत नाही.

हायवेला मागे कोणीही नाही. पुणे-सातारा रस्त्यावर ताशी ८० ने जाताना ती बाकडी सामानाची. गावातल्या गावात किंवा कच्च्या वाटेवर १०-१५ च्या वेगाने जाताना मोठी धडधाकट माणसं बसू शकतात, पट्टा असेल तर लावून. घाटात शक्यतो नको. एक तर वरचं सगळं, दुसरं म्हणजे आडवं बसून डोंगर डोळ्यांसमोरून सरकायला लागला की ज्याला कधी गाडी लागत नाही त्यालाही लागते. वरंध घाटात दर तिसऱ्या वळणावर थांबायची तयारी असेल तर प्रश्न नाही.

मागच्या पायरीवर उभं राहणं, उघड्या टेलगेटवर पाय सोडून बसणं, रोल बार धरून उभं राहून व्हिडिओ काढणं, हे पोरांना फार आवडतं. पायरीवर किंवा टपावर बसून प्रवास करायला कलम १२३ ने मनाई आहे. कलम सांगून पोरं ऐकत नाहीत. गाडी बंद करून चावी खिशात टाकली की ऐकतात.

सीट बदलायची असेल तर

पुढे तोंड असलेल्या सीट बसवून देणारे गॅरेजवाले बरेच आहेत. क्रम मात्र आधी आरटीओ, मग गॅरेज असा ठेवा. लेखी अर्ज करा, तुमच्या मॉडेलला आसनसंख्या कमी करून बैठक बदलायला मंजुरी मिळते का ते विचारा, मिळाली तर आरसीवर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. मंजुरी मिळत नसेल तर मूळ बाकडी तशीच ठेवा आणि ती माणसांसाठी वापरू नका. किंवा मूळ कारखान्यातूनच पुढे तोंड असलेल्या सीटची गाडी शोधा. थोडे पैसे जास्त जातील, डोकेदुखी वाचेल.

मंजुरी मिळाली तरी गॅरेजमध्ये उभं राहून बघायची गोष्ट एकच, पट्टा कुठे बांधलाय. सीट कितीही छान असो, तिचा पट्टा जर मागच्या पातळ पत्र्यात भोक पाडून साध्या बोल्टने कसला असेल तर तो शोभेचा. युरोपीय पद्धतीच्या चाचणीत नुसत्या कमरेच्या पट्ट्याच्या अँकरला (पट्टा गाडीला जिथे बांधतात त्या जागेला) २,२२५ डेकान्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास, ओढ देतात आणि तो सुटता कामा नये. पातळ पत्रा तेवढी ओढ काय सोसणार! अँकर चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, किंवा चेसिसशी जोडलेल्या जाड पट्टीला हवा, मागे रुंद प्लेट हवी. मूळ बेल्टचा बोल्ट बहुधा ७/१६ इंची, बारीक आट्यांचा आणि कडक पोलादाचा असतो. मिस्त्रीने ड्रॉवरमधून दुसराच बोल्ट उचलला तर हात धरा. गाडीखाली वाकून मोबाइलच्या टॉर्चने बघा, वेल्डिंगवर नुसता काळा रंग मारलाय का तेही कळेल.

ट्रेलवर गेलात तर

ऑफ-रोडला वेग कमी असतो म्हणून लोक निर्धास्त होतात. तिथे वेग त्रास देत नाही, कलणं देतं. गाडी उजवीकडे झुकली की डावीकडचे तिघं उजवीकडच्यांच्या मांडीवर. तेवढं वजन एका बाजूला सरकल्याने गाडी आणखी झुकते. अवघड जागा आली की मागच्यांना उतरवा, पायी पुढे जाऊ द्या, आणि कोणालाही गाडीच्या उताराकडच्या बाजूला उभं राहू देऊ नका. तेवढंच पाय मोकळे होतात आणि फोटोही चांगले येतात.

दोन बाकड्यांच्या मध्ये पायांशी आपण सामान टाकतो ती सवय मोडा. उंच हाय-लिफ्ट जॅक १२-१३ किलोचा असतो, पाण्याचा भरलेला कॅन २० किलोचा, शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या) आणि साखळ्या वेगळ्या. गाडी आडवी झाली तर हे सगळं हवेत, आणि माणसांसोबत एकाच डब्यात. जिथे सामान आहे तिथे माणूस नाही, जिथे माणूस आहे तिथे सामान नाही. सामान असेल तर तेही रॅचेट पट्ट्याने आवळून. रोल बारच्या पाइपांना चांगलं जाड फोम लावून घ्या, पावसाळ्यात ते पाणी पितं आणि वास मारतं, दर वर्षी बदलावं लागतं. हाताला धरायला पट्टे लावा, पण ते तोल सांभाळण्यापुरते. धडकेत त्यांचा उपयोग नाही.

माझ्या गाडीत आता डाव्या बाकड्यावर टूलबॉक्स आवळलेला आहे आणि उजव्यावर कॅन. भाचा आता कॉलेजात आहे. परवा विचारत होता, मामा, मागे बसू का? म्हटलं, पुढे ये, मागे तुझ्या जागेवर पाणी बसलंय.